दोन लाख की सहा लाख? ‘किंगडम’मधले सेनापती आणि त्यांच्या फौजांची गणती

मंडळाच्या बैठकीत चीनबद्दल वाचायची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा आधी निमित्त सांगतो.

दिवाळीत भाचा घरी आला होता. सगळा वेळ मोबाइलवर जपानी चित्रकथा, ज्याला मांगा म्हणतात ती. एका दुपारी त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पानभर घोडे, भाले, धूळ, आणि कोपऱ्यात चौकटीत दोन्ही फौजांचे आकडे. त्याने विचारलं, “मामा, तुम्ही इतिहासवाले ना? एवढी माणसं खरंच असायची का?” मग म्हणाला, या मालिकेची अधिकृत मार्गदर्शिका पुस्तकं आहेत आणि त्यांत प्रत्येक सेनापतीला गुण दिलेत. ताकदीला वेगळे, नेतृत्वाला वेगळे, बुद्धीला वेगळे. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे! मला हसू आलं. पण नंतर लक्षात आलं की आपणही हेच करतो. महादजी मोठे की मल्हारराव, यावर आपल्या बैठकीत चहा गार झालेला मी पाहिला आहे. शिवाय फौजेच्या आकड्यांवरून भांडणं तर आपल्या पाचवीलाच पुजलेली.

म्हणून मी ती मालिका वाचायला घेतली आणि मग तिच्यामागचे चिनी ग्रंथही (अर्थात भाषांतरातून). हे टिपण त्यातूनच आलं.

मालिकेचं नाव ‘किंगडम’, चित्रकार-लेखक यासुहिसा हारा. २००६ पासून जपानच्या ‘वीकली यंग जंप’ या साप्ताहिकात ती चालू आहे आणि सत्तरहून जास्त खंड झाले आहेत. २०१३ मध्ये तिला ओसामू तेझुका यांच्या नावाचं मोठं पारितोषिक मिळालं. काळ इसवी सनापूर्वीचं तिसरं शतक. चीनमध्ये तेव्हा सात राज्यं होती: छिन, झाओ, वेई, हान, छू, येन आणि छी. त्यांतल्या छिन राज्याचा तरुण राजा बाकीची सहा गिळून इ.स.पू. २२१ मध्ये पहिला सम्राट झाला. त्याचं नाव यिंग झंग. कथानायक मात्र राजा नाही. तो आहे शिन नावाचा अनाथ पोरगा, ज्याला जगातला सर्वांत मोठा सेनापती व्हायचंय.

नावांचा एक घोळ आधीच मिटवतो. मांगा जपानी असल्याने चिनी नावांचे जपानी उच्चार त्यात आहेत. शिन म्हणजे इतिहासातला ली शिन. ओउसेन म्हणजे वांग जिएन, रिबोकू म्हणजे ली मू, कानकी म्हणजे हुआन यी, ओउकी म्हणजे वांग यी. पुढे मी चिनी नावंच वापरतो, मालिका वाचलेल्यांनी मनात बदल करून घ्यावा.

तर हे सगळं आलं कुठून? मुख्यतः एका ग्रंथातून. सिमा छिएन नावाच्या हान दरबारच्या इतिहासकाराने इ.स.पू. १०० च्या आसपास लिहिलेला ‘शिजी’. १३० प्रकरणांचा हा ग्रंथ आहे, आणि लढायांच्या बाबतीत तो भलताच कंजूस आहे. मालिकेतला वांग यी घ्या. जाड ओठांचा, हसरा, राक्षसासारखा ताकदवान सेनापती. त्याच्या मरणाने वाचक रडतात असं भाचा सांगतो. शिजीत यिंग झंगच्या कारकिर्दीत त्याच्याबद्दल काय आहे? पहिल्या वर्षी तो सेनापतींपैकी एक होता, आणि तिसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. २४४ मध्ये, वारला. बस्स. कसा वारला, तेही नाही. इ.स.पू. २४१ ची संयुक्त फौजांची स्वारी घ्या. मालिकेत पाच लाखांहून जास्त सैन्य छिनवर चालून येतं आणि त्या लढाईला कित्येक खंड लागतात. शिजीत ती दोन-चार ओळींत आटोपते: राज्यं एकत्र आली, छिनवर चालून गेली, छिनने फौज काढली, ती मागे फिरली. दुसऱ्या प्रकरणात एवढंच जास्त आहे की झाओच्या पांग नुआनने ‘झुई’ नावाच्या ठिकाणावर हल्ला केला, पण ते पडलं नाही. राजा स्वतः तटावर उभा राहून गावकऱ्यांना लढवतो, तो मालिकेतला अप्रतिम भाग या एका “पडलं नाही” मधून उगवला आहे.

याला मी दोष देत नाही. आपल्याकडच्या कादंबरीकारांनी बखरींचं याहून जास्त केलं आहे. मुद्दा एवढाच की सेनापतींचे स्वभाव आणि त्यांचे गुण हारा यांचे आहेत. पण आकड्यांचं वेड त्यांचं नाही. ते मुळातच आहे. शिजीच्या छिन प्रकरणात सेनापतीचं व्यक्तिचित्र नसतं, पण मुंडकी मोजलेली असतात. इ.स.पू. २४५ मध्ये ड्यूक बियाओने जुआन गाव घेतलं, ३०,००० मुंडकी. इ.स.पू. २३४ मध्ये हुआन यीने झाओचा पराभव केला, १,००,००० मुंडकी. दरबारी नोंदच अशी.

असं का? याचं उत्तर मालिकेतच, पार्श्वभूमीला, बऱ्यापैकी अचूक आलं आहे. शिन पहिल्यांदा लढायला जातो तेव्हा त्याला पाच जणांच्या टोळीत टाकतात. ही पाचांची टोळी खरी आहे. इ.स.पू. ३५६ च्या सुमाराला शांग यांग नावाच्या मंत्र्याने छिनची सगळी घरं पाच-पाच, दहा-दहाच्या गटांत बांधली. एकाने गुन्हा केला तर बाकीचे जबाबदार. गावात जो गट, त्याच नमुन्याचा फौजेत. आणि शत्रूचं एक मुंडकं आणलं की एक दर्जा वर, सोबत जमीन. दर्जांच्या पुढे वीस पायऱ्या झाल्या. जन्माने सरदार असलेल्यांनाही लढाईत काही केल्याशिवाय मान नाही, असा तो कायदा. मालिकेत शिन शंभरांचा, तीनशेंचा, हजारांचा, पाच हजारांचा नायक होत चढत जातो, ती शिडी हारा यांनी नीटनेटकी करून घेतली आहे. पण खालून वर चढता येतं ही कल्पना छिनच्या बाबतीत हवेतली नाही.

यावर कोणी म्हणेल, हे कायदे पुस्तकातले, प्रत्यक्षात कोण पाळत होतं? इथे १९७५ चा डिसेंबर महत्त्वाचा. चीनच्या हुबेई प्रांतात युनमंगजवळ शुईहूदी या ठिकाणी छिनकालीन थडगी सापडली. त्यांतल्या ११ क्रमांकाच्या थडग्यात शी नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याभोवती हजारावर बांबूच्या पट्ट्या रचलेल्या होत्या. त्यांत कायदेकानू आणि कज्जे. शीने स्वतःच्या आयुष्याचा तक्ताही ठेवला होता. जन्म इ.स.पू. २६२. इ.स.पू. २४६ मध्ये नाव नोंदणीत चढलं, म्हणजे चिनी हिशेबाने सतराव्या वर्षी तो सरकारी कामाला आणि लष्करी सेवेला बांधला गेला. मालिकेची सुरुवात इ.स.पू. २४५ ची आहे. म्हणजे हा कारकून शिनच्याच वयाचा. पुढे तोही फौजेबरोबर गेला, परत आला, कज्जे लिहीत राहिला.

त्या पट्ट्यांतला एक नमुना-खटला माझ्या डोक्यातून जात नाही. शिंगछिऊच्या लढाईत एका शिपायाने मुंडकं मिळवलं. दुसऱ्याने ते हिसकावण्यासाठी त्याच्यावरच तलवार चालवली. दोघं आणि मुंडकं, तिन्ही पुराव्यादाखल अधिकाऱ्यापुढे हजर. म्हणजे मुंडकं हे चलन होतं, आणि चलन असलं की चोरीही आली. मालिकेत वीर शत्रूसेनापतीचं मुंडकं उंच धरतो तेव्हा पाच हजार लोक जल्लोष करतात. त्या जल्लोषात हा खटला कुठे बसत नाही, पण काळ तोच.

आता भाच्याचा मूळ प्रश्न. एवढी माणसं खरंच असायची का?

सर्वांत मोठा आकडा मालिकेच्या सुरुवातीच्या पंधरा वर्षं आधीचा, पण तिच्यावर सतत सावली धरून असलेला. इ.स.पू. २६० ची चांगपिंगची लढाई. शिजी सांगतं की छिनच्या बाई छीने झाओची फौज कोंडली, शेहेचाळीस दिवस तिला अन्न मिळालं नाही, शेवटी ती शरण आली, आणि शरण आलेल्यांना मारून पुरून टाकण्यात आलं. वयाने लहान अशा २४० जणांना तेवढं सोडलं, बातमी घरी पोहोचावी म्हणून. आधीची लढाई धरून झाओचे मेलेले एकूण साडेचार लाख. एका राज्याच्या एका लढाईत! अनेक अभ्यासकांना हा आकडा पटत नाही. डेर्क बॉड यांनी केंब्रिजच्या चीन-इतिहासात शिजीच्या अशा आकड्यांवर स्वतंत्र परिशिष्टच लिहिलं आहे. दुसरीकडे, १९९५ मध्ये चांगपिंगच्या परिसरात योंगलू गावी एक खड्डा खणला गेला. त्यात सुमारे १३० सांगाडे निघाले. काहींच्या हाडांत बाणाची टोकं, काहींच्या कवटीवर घाव. म्हणजे जिवंत पुरलं ही दंतकथा बहुतेकांच्या बाबतीत खरी नसावी, आधी मारलं आणि मग टाकलं. कत्तल खरी. पण एका खड्ड्यातल्या १३० वरून चार लाखांना ना दुजोरा मिळतो ना छेद.

पानिपतच्या आकड्यांवर आपण जे बोलतो तेच इथेही बोलावं लागेल. त्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात मोती आणि मोहरा मोजून सांगितल्या आहेत, खुर्द्याची गणती नाही. मोठ्यांचा हिशेब लागतो, लहानांचा लागत नाही. फरक इतकाच की छिनच्या दफ्तराला खुर्दाही मोजायची हौस होती, कारण प्रत्येक मुंडक्यामागे बक्षीस द्यायचं होतं. आता बक्षीस असलं की आकडा फुगतो, हेही आलंच. मला स्वतःला वाटतं की हे आकडे निव्वळ थापा नाहीत, पण त्यांत लढणारा, ओझं वाहणारा, खंदक खणणारा असे सगळे आहेत. आपल्या भाषेत बुणगे धरून.

बुणगे हा शब्द मुद्दाम वापरला. आपण ग्वाल्हेरकर ज्या भागात राहतो त्याचं नावच लष्कर. दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला आणि हललाच नाही, त्याचं शहर झालं. पडाव, कंपू, शिंदे की छावनी, सगळी नावं तळाचीच. आणि तळ म्हणजे फक्त शिपाई असते तर शहर कुठून झालं असतं? वाणी, लोहार, चारा विकणारे, रांधणाऱ्या बायका, पोरंबाळं. फौजेचा आकडा सांगताना यांतलं कोण धरलं आणि कोण सोडलं, यावर दुप्पट-तिप्पट फरक पडतो. मालिकेच्या चौकटीतल्या आकड्यात सगळे भालाईतच असतात. ते पान चित्रात छान दिसतं, पण त्यांना जेवायला कोण घालतंय ते दिसत नाही.

आता ज्यासाठी हे टिपण लिहिलं त्या गोष्टीकडे येतो. हे लिहितेवेळी मालिका तिथवर पोहोचलेली नाही, त्यामुळे ज्यांना पुढचं आधी कळायला नको असेल त्यांनी इथे थांबावं. (भाच्याला मी सांगून टाकलं. तो दोन दिवस रुसला होता.)

इ.स.पू. २२५ च्या सुमाराची गोष्ट. हान, झाओ आणि वेई संपली होती. उरलेल्यांत सर्वांत मोठं राज्य दक्षिणेचं छू. यिंग झंगने आपल्या तरुण सेनापतीला, म्हणजे ली शिनला, आपल्या शिनला विचारलं: छू घ्यायला किती माणसं लागतील? ली शिनची तेव्हा हवा होती. काही हजार माणसं घेऊन त्याने येनच्या राजपुत्राचा पाठलाग केला होता. तो म्हणाला, फार तर दोन लाख. मग राजाने म्हाताऱ्या वांग जिएनला विचारलं. तो म्हणाला, सहा लाखांशिवाय होणार नाही. राजा म्हणाला, वांग सेनापती आता म्हातारे झाले, घाबरतात. दोन लाख देऊन ली शिनला धाडलं. वांग जिएन आजारपणाचं कारण सांगून गावी जाऊन बसला.

ली शिन आधी जिंकला, आणि जिंकला म्हणूनच फसला. दोन ठिकाणी छूला मारून तो आपल्या दुसऱ्या तुकडीला मिळायला पश्चिमेकडे वळला. छूची फौज त्याच्या मागे लागली, तीन दिवस आणि तीन रात्री न थांबता. मग तिने गाठून दोन तळ फोडले, सात हाताखालचे सरदार मारले, आणि छिनची फौज पळत सुटली. ज्याला जगातला सर्वांत मोठा सेनापती व्हायचंय त्या नायकाची इतिहासातली सर्वांत ठळक नोंद ही आहे, एक पराभव. हारा हे कसं रंगवणार याची उत्सुकता मला भाच्याहून जास्त आहे.

राजा स्वतः वांग जिएनच्या गावी गेला आणि चुकलो म्हणाला. म्हाताऱ्याने परत तेच सांगितलं: सहा लाख. मिळाले. राजा त्याला वेशीपर्यंत पोचवायला आला. वाटेत वांग जिएन काय मागत होता? उत्तम शेतं, वाडे, बागा. सीमेवर पोहोचेपर्यंत त्याने आणखी पाच वेळा जासूद पाठवून जमिनीच मागितल्या. बरोबरच्याने विचारलं, हे जरा अतिच नाही का? तो म्हणाला, राजा संशयी आहे. राज्यातली सगळी फौज माझ्या हाती देऊन बसलाय. मी पोराबाळांसाठी वतनं मागत राहिलो नाही, तर तो बसल्या जागी माझ्याबद्दल शंका घेत राहील. चांगपिंग जिंकणाऱ्या बाई छीचं काय झालं हे त्याला नक्कीच माहीत होतं. पुढच्या स्वारीवर जायला त्याने नकार दिला, आणि इ.स.पू. २५७ मध्ये राजाने त्याच्याकडे तलवार पाठवली, स्वतःला मारून घे म्हणून.

आता सांगा, या गुणाला मार्गदर्शिकेत कोणता रकाना आहे?

पुढचं अजून बघण्यासारखं. सहा लाख घेऊन वांग जिएन छूमध्ये गेला आणि तळ मजबूत करून बसला. छूचे लोक रोज येऊन डिवचत, हा बाहेर पडत नाही. शिपायांना रोज विश्रांती, आंघोळ, चांगलंचुंगलं खाणं, आणि तो स्वतः त्यांच्याबरोबर जेवायचा. बऱ्याच दिवसांनी त्याने विचारलं, पोरं तळावर काय खेळतायत? उत्तर आलं, दगड लांब फेकायची शर्यत, आणि उड्या. म्हणाला, आता हे शिपाई कामाचे झाले. तोवर छूची फौज कंटाळून पूर्वेकडे परत फिरली होती. तिच्या पाठीवर त्याने सगळं बळ टाकलं. छूचा सेनापती शियांग येन पडला आणि इ.स.पू. २२३ मध्ये छूचा राजा कैद झाला.

या कथेत एकही द्वंद्व नाही. आणि कौशल्य कशात आहे बघा. दोन लाख आणि सहा लाख यांतला फरक धाडसाचा नाही, हिशेबाचा आहे. जरा गुणाकार करू. माणशी रोज एक किलो धान्य धरा. सहा लाखांना रोज ६०० टन. एका बैलगाडीत सहा क्विंटल माल मावतो म्हटलं तर रोज हजार गाड्या तळावर रिकाम्या व्हायला हव्यात, वर बैल आणि गाडीवान खातात ते वेगळंच. वर्षभर बसायचं तर सव्वादोन लाख टनांच्या आसपास. आकडा सहाऐवजी तीन लाख माना, तरी निम्मं उरतंच. हे पुरवता येईल अशी खात्री असणारा माणूसच तळ ठोकून बसू शकतो. ली शिनला घाई होती ती केवळ तारुण्याची नव्हे. माझा तर्क असा की दोन लाख माणसांनी मोठं राज्य घ्यायचं असेल तर घाईच करावी लागते.

आणि छिनला हे धान्य कुठून आलं? त्याची एक गंमत शिजीत आहे. यिंग झंग गादीवर आला त्या सुमाराला, म्हणजे इ.स.पू. २४६ च्या आसपास, शेजारच्या हान राज्याने झंग गुओ नावाचा कालव्यांचा जाणकार छिनकडे पाठवला. हेतू हा की छिनने मोठा कालवा खणायला घ्यावा, माणसं त्यात अडकावीत, आणि लढायला उरू नयेत. डाव उघड झाला. राजा त्याला मारायला निघाला, तेव्हा तो म्हणाला, हेर म्हणून आलो हे खरं, पण कालवा झाला तर छिनचंच भलं आहे. राजाने काम पुरं करू दिलं. शिजी म्हणतं, त्या पाण्याने छिनचा मूळ मुलूख पिकाऊ झाला आणि दुष्काळाची वर्षं संपली. मला तर वाटतं सहाही राज्यं जिंकणाऱ्यांच्या यादीत या हेराचं नाव वरती असावं.

झाओच्या ली मूचंही तेच. मालिकेत तो सर्वांत बुद्धिमान शत्रू. शिजीत तो उत्तर सरहद्दीवर वर्षानुवर्षं लढाई टाळत बसलेला दिसतो. रोज काही बैल कापून शिपायांना खाऊ घालतो, बाणांचा सराव करून घेतो, टोळीवाले आले की माणसं आणि गुरं आत घेतो. राजाने त्याला भित्रा म्हणून काढलं, नव्या सेनापतीने लढून लढून मार खाल्ला, मग ली मू परत. शेवटी त्याने निवडक फौज मोजून घेतली: १,३०० रथ, १३,००० घोडेस्वार, ५०,००० पटाईत लढवय्ये, १,००,००० तिरंदाज. एका लढाईत सरहद्द बरीच वर्षं शांत केली. पुढे इ.स.पू. २३३ मध्ये त्याने छिनच्या हुआन यीलाही हरवलं. त्याला हरवलं कोणी? कोणी नाही. छिनने झाओच्या एका दरबाऱ्याला पैसे चारले, त्याने राजाचे कान भरले, आणि राजानेच ली मूला मारवलं. वर्षाच्या आत झाओ पडलं.

इथे क्षणभर सिमा छिएनकडे वळतो, कारण आकडा आणि सेनापतीची लायकी हा प्रश्न त्याच्या स्वतःच्या अंगाला भिडला होता. इ.स.पू. ९९ मध्ये ली लिंग नावाचा हान सेनापती ५,००० पायदळ घेऊन उत्तरेच्या गवताळ मुलखात शिरला. शिजीनुसार ८०,००० स्वारांनी त्याला घेरलं. आठ-दहा दिवस लढत तो मागे सरकला, बाण संपले, मदत आली नाही, तो शरण गेला. दरबारात सगळे त्याच्यावर तुटून पडले. एकटा सिमा छिएन म्हणाला की एवढ्या कमी माणसांत त्याने केलं ते थोडं नाही. सम्राट चिडला. शिक्षा झाली ती खच्ची करण्याची. ती सोसून तो जगला, ग्रंथ पुरा करायचा होता म्हणून.

हा ली लिंग कोण? ख्यातनाम सेनापती ली ग्वांगचा नातू. आणि ली ग्वांगचा पूर्वज म्हणून शिजी ज्याचं नाव देतं तो ली शिन. आपल्या मांगाचा नायक! दोन लाख पुरतील म्हणणाऱ्याच्या वंशजाला पाच हजारांनिशी धाडलं गेलं, आणि त्याची बाजू घेणाऱ्याने दोन लाख-सहा लाखांची गोष्ट लिहून ठेवली. त्या गोष्टीत ली शिनची टिंगल नाही, हे मला आता वेगळ्या नजरेने दिसतं. पराभवानंतर त्याचं डोकं उडालं नाही, पुढे वांग जिएनच्या मुलाबरोबर येन आणि छीच्या मोहिमांत तो होता, हेही सिमा छिएनने नोंदवलं आहे.

सेनापतींचं इतकं पुरे. सहा लाखांतल्या दोघांची नावं आपल्याला माहीत आहेत.

त्याच शुईहूदीला, शीच्या थडग्यापासून जवळच, ४ क्रमांकाच्या थडग्यात लाकडी फळ्यांवर शाईने लिहिलेली दोन पत्रं निघाली. लिहिणारे दोघे भाऊ, हेइफू आणि जिंग. हेइफू म्हणजे ‘काळा’, जिंग म्हणजे ‘दचकलेला’. आपल्या दगडू-धोंडूसारखीच नावं. गाव आनलू. हा मुलूख मुळात छूचा, छिनने तो इ.स.पू. २७८ मध्ये घेतलेला. म्हणजे आज्याच्या काळी जे राज्य आपलं होतं, त्याच्याच विरुद्ध नातू लढायला निघाले होते. अभ्यासक पत्रांचा काळ इ.स.पू. २२३ च्या आसपासचा धरतात, आणि त्यांत हुआईयांगच्या वेढ्याचा उल्लेख आहे. म्हणजे वांग जिएनचीच मोहीम. पत्रं तिसऱ्या भावाला, झोंगला, लिहिली आहेत. तो घरी होता, आणि ते थडगं बहुधा त्याचंच. चीनमध्ये सापडलेली सर्वांत जुनी घरगुती पत्रं म्हणून ती प्रसिद्ध आहेत.

पत्रात सेनापतीचं नाव नाही. आई बरी आहे का, हे आधी. मग हेइफू उन्हाळी कपडे मागतो. आनलूला कापड स्वस्त असेल तर आईने शिवून पाठवावं, महाग असेल तर नुसते पैसे धाडावेत, तो इकडे कापड घेऊन शिवून घेईल. बंडखोर गावाला वेढा घालून बरेच दिवस बसावं लागणार आहे, जखमी होईन की काय सांगता येत नाही, म्हणून आईने पैसे कमी पाठवू नयेत. शिजीतल्या वांग जिएनच्या तळावर खाणं चांगलं होतं आणि आंघोळ होती. सदरा मात्र घरून यायचा होता.

हेइफू आणखी एक विचारतो. घरी दर्जाची सनद आली का? आली असेल तर कळवा, नसेल तर नाही म्हणून कळवा. मालिकेतल्या शिनला दर्जा सेनापतीच्या तोंडून, फौजेसमोर मिळतो. याचा कागदावर होता, आणि कागद वाटेत कुठेतरी.

जिंगचं पत्र घाईचं आहे. त्याला पाच-सहाशे नाणी हवीत आणि चांगलं कापड, निदान पावणेसहा मीटर भरेल इतकं. कारण त्याने युआन बो नावाच्या कोणाचे पैसे वापरून टाकलेत, घरून आले नाहीत तर मेलोच म्हणतो. आणि मग तातडीचं, तातडीचं, तातडीचं असा एकच शब्द तीनदा. पुढे घरच्यांची विचारपूस, आणि बायको नवी दिसते, कारण तिने सासू-सासऱ्यांचं नीट करावं असं बजावलेलं आहे.

पैसे पोहोचले का, दोघे परत आले का, याची नोंद कुठेच नाही.